केपटाऊन किती लांब?

गेल्या वर्षी जून महिन्यात, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात, रात्री अकरा वाजता आमच्या घरचा फोन वाजला. केपटाऊनहून मामेभाऊ बोलत होता. मामूंचा इंतकाल झाला होता. तिकडे संध्याकाळचे साडेसात वाजले होते. दफन दुसऱ्या दिवशी जुहरच्या नमाजनंतर करायचे ठरले होते.

अम्मी झोपली नव्हती. फोन इतक्या रात्री आला की ती आधी पायांत चपला घालते, मग विचारते कोण म्हणून. बातमी ऐकून ती पलंगाच्या कडेला बसली. थोड्या वेळाने तिने आमच्याकडे पाहून विचारले, ‘‘केपटाऊन किती लांब आहे रे?’’

आमचा धाकटा मुलगा बारावीला आहे. त्याने लगेच मोबाइलवर पाहून सांगितले, ‘‘दादी, ८,२३० किलोमीटर. विमानाने दहा तास.’’

अम्मीने बोटांवर मोजले. उद्या दुपारपर्यंत म्हणजे दहा तासांहून कितीतरी जास्त वेळ हातात आहे. ती उठली आणि कपाटातून आपली पांढरी ओढणी काढू लागली.

त्या रात्री आम्हाला पहिल्यांदा त्या मोबाइलचा राग आला. खरे तर त्याने खोटे काही सांगितले नव्हते. मुंबईच्या विमानतळापासून केपटाऊनच्या विमानतळापर्यंत पृथ्वीच्या पाठीवरून सरळ रेघ ओढली तर ती तेवढीच भरते. प्रवासी विमान ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. चढण्या-उतरण्याचा वेळ धरला तर दहा तास हा हिशेबही चुकीचा नाही. फक्त तसे विमान नाही. मुंबईहून केपटाऊनला थेट कोणतेच विमान जात नाही. मोबाइलने सांगितलेले दहा तास म्हणजे नसलेल्या विमानाचे वेळापत्रक होते.

मग आम्ही शाळेच्या वहीचे पान फाडून अम्मीसमोर खरा हिशेब मांडला. आता निघालो तर खाडीकाठच्या आपल्या गावातून मुंबईला पोहोचायला पहाटेचे सहा-सात. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी हजर राहायचे. म्हणजे दहाचे विमान मिळाले असे धरू. दुबईला सव्वातीन तास. तिथे पुढच्या विमानासाठी नशीब चांगले असेल तर तीन तास. पुढे साडेनऊ तास. केपटाऊनला उतरेपर्यंत तिकडच्या घड्याळात रात्रीचे सव्वादहा. जनाजाची नमाज दुपारी एकला. दहा तासांचे अंतर आणि सत्तावीस तासांचा रस्ता. आणि हे सगळे खिशात व्हिसा असेल तर. आमच्या घरात तर तेव्हा अम्मीचा पासपोर्टसुद्धा नव्हता.

अम्मीने कागद हातात घेतला, वाचता येत असूनही वाचला नाही, घडी करून उशीखाली ठेवला. ओढणी मात्र तिने कपाटात परत ठेवली नाही.

रत्नागिरी-रायगडच्या वाचकांना केपटाऊनची ओळख नव्याने करून द्यायला नको. आपल्या खाडीकाठच्या कित्येक गावांतली माणसे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिकडे जात आली. कुणी गोदीत, कुणी भाजी विकायला, कुणी दुकानात. बायकामुले बहुधा गावीच असत; पुरुष तिकडे कमवायचे आणि काही वर्षांनी एकदा यायचे. हे येणेही सोपे नव्हते. १९०६च्या केप वसाहतीच्या कायद्यानंतर गावी जाऊन परत यायचे असेल तर मुदतीचा परवाना काढावा लागे. मुदत टळली की दार बंद. पुढे १९१३च्या कायद्याने नव्या हिंदी माणसाला तिकडे जाणेच जवळपास अशक्य झाले. जे आधीच स्थायिक होते त्यांच्या बायका आणि अज्ञान मुले तेवढी जाऊ शकत. बायकांची ती सवलतही १९५३ साली संपली.

आमचे नाना असेच केपटाऊनचे रहिवासी. मुलगा सज्ञान व्हायच्या आत त्याला न्यायला हवे, म्हणून १९५१ साली दहा वर्षांच्या मामूंना ते घेऊन गेले. अम्मी तेव्हा एक वर्षाची. मुंबईहून डरबनला ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी जात. त्यांतली ‘कंपाला’ होती की ‘करंजा’ यावर नानी आणि तिची जाऊ शेवटपर्यंत भांडत होत्या. मोंबासा, झांझिबार, दारेसलाम, बैरा अशी बंदरे घेत बोट दोन-तीन आठवड्यांनी डरबनला लागे. पुढे केपटाऊनपर्यंत रेल्वे. मामू सांगत, की बोटीवर आपण दिवस मोजायचे ठरवले होते, पण बाराव्या दिवशी हिशेब चुकला आणि मग रडू आले.

त्यानंतरची चाळीस वर्षे तर अंतर किलोमीटरमध्ये मोजायचे कारणच नव्हते. वर्णद्वेषाच्या धोरणामुळे भारताने १९४६ साली दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता. आपल्या जुन्या पासपोर्टवर, तो दक्षिण आफ्रिकेसाठी चालणार नाही, असे छापलेले असे. तो नियम योग्यच होता. आमच्या शाळेत आम्ही मुलांना तसेच शिकवतो. पण योग्य नियमाचीही किंमत कुणीतरी भरतेच, ती नानीसारख्या बायकांनी भरली. तिकडे मामूंचे घर डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये होते. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी तो भाग फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाला, आणि पुढच्या काही वर्षांत साठ हजारांवर लोकांना तिथून उठवून घरे पाडली. मामू अथलोनला गेले. नानीला नवा पत्ता कळला तो पत्रातून, घर पडल्यावर काही महिन्यांनी.

१९९३मध्ये दोन्ही देशांचे संबंध पुन्हा जुळले. त्यानंतर काही वर्षे मुंबईहून जोहान्सबर्गला थेट विमानही होते. मामू एकूण तीनदा आले. अम्मी एकदाही गेली नाही. आधी आम्ही लहान, मग अब्बांचे आजारपण, मग घराचे काम. ‘‘विमान आहे ना आता, जाऊ कधीतरी,’’ असे म्हणण्यात आणखी पंचवीस वर्षे गेली. बोटीच्या काळात माणसे जाणे टाळत नसत, कारण ते हातात नव्हतेच. विमान आल्यावर टाळण्याची सोय झाली.

जनाजाच्या दिवशी मामेभावाने व्हिडिओ लावून दिला होता. अम्मीने पाच मिनिटे पाहिले आणि मोबाइल उलटा करून ठेवला.

जुलैमध्ये सहावीच्या वर्गात अक्षांश-रेखांश शिकवताना आम्ही पृथ्वीगोल आणि दोरा घेऊन गेलो. शाळेतला पृथ्वीगोल तीस सेंटिमीटर व्यासाचा आहे. त्याचा घेर चौऱ्याण्णव सेंटिमीटर, आणि खऱ्या पृथ्वीचा घेर साधारण चाळीस हजार किलोमीटर. म्हणजे गोलावरचा एक सेंटिमीटर बरोबर सव्वाचारशे किलोमीटर. मुलांनी मुंबईवर दोऱ्याचे एक टोक धरले, केपटाऊनवर दुसरे, आणि ताणले. साडेएकोणीस सेंटिमीटर भरले. गुणाकार केला तर ८,२८७. मोबाइलच्या आकड्यात आणि आमच्या दोऱ्यात पन्नास-साठ किलोमीटरचा फरक. सरकारी पृथ्वीगोलाच्या मानाने हे फारच चांगले झाले!

ताणलेला दोरा कुठून जातो ते पाहण्यात खरी गंमत आहे. तो अरबी समुद्रावरून निघून विषुववृत्त ओलांडतो, मादागास्करच्या वायव्येकडून आफ्रिकेत शिरतो आणि जवळपास जोहान्सबर्गवरूनच केपटाऊनला उतरतो. मुंबई ते जोहान्सबर्ग ६,९६० आणि तिथून केपटाऊन १,२७०. बेरीज पुन्हा ८,२३०च येते. मधे थांबूनही वाट वाकडी होत नाही असा तो एक मार्ग, आणि ते थेट विमान नेमके बंद झालेले. आता बहुतेक जण दुसरीकडून फिरून जातात. आम्ही मुलांकडून तेही मोजून घेतले आणि घरी संगणकावर ताडून पाहिले: नैरोबीमार्गे ८,६३०, अदिस अबाबामार्गे ९,०७०, दुबईमार्गे ९,५७०, दोहामार्गे ९,७५०.

एका मुलीने विचारले, ‘‘सर, सरळ जाता येत असताना दुबईला कशाला जायचं?’’ चांगला प्रश्न. मुंबईहून केपटाऊनला रोज जाणारी माणसे एक अख्खे विमान भरण्याइतकी नसतात. पण मुंबई, ढाका, कराची, लंडन अशा पन्नास ठिकाणची माणसे एका शहरात गोळा केली, तर तिथून केपटाऊनचे विमान भरते. आपल्या एसटीचेच बघा ना. आमच्या गावाहून शेजारच्या तालुक्याला जायचे तर आधी उलटे चिपळूणला जावे लागते.

दिवाळीच्या सुट्टीत अम्मीला घेऊन जायचे ठरले. पंच्याहत्तरीची, मधुमेह असलेली, कधी विमानात न बसलेली. लोक विचारतात, म्हणून या प्रवासातल्या काही गोष्टी इथे लिहून ठेवतो.

मार्ग निवडताना आम्ही आधी नैरोबीकडे ओढले गेलो, कारण तो जवळचा. पण केनिया आणि इथिओपिया हे पिवळ्या तापाच्या धोक्याच्या देशांत मोडतात. तिथून भारतात परतणाऱ्यांकडे लसीचा दाखला मागितला जातो. नुसते विमान बदलायला थांबलेल्यांनाही सूट मिळेलच याची खात्री धरता येत नाही. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, एकदा घेतली की दाखला आता आयुष्यभर चालतो. मात्र साठीच्या पुढच्या माणसाला ती पहिल्यांदाच देताना डॉक्टर फार विचार करतात. आमच्या डॉक्टरांनी अम्मीला नको म्हणून सांगितले. तेव्हा साडेनऊशे किलोमीटर जास्त पडले तरी दुबई. असे नियम बदलत असतात, तिकीट काढण्याच्या आधी पाहून घ्यावेत, नंतर नव्हे. पासपोर्ट निघाला, मामेभावाचे निमंत्रणपत्र, बँकेचे कागद, मग व्हिसा. त्यालाच पंचवीस दिवस लागले. बोटीलासुद्धा साधारण तेवढेच लागायचे.

दुसरी गोष्ट व्हीलचेअरची. अम्मीने आधी साफ नकार दिला. ‘‘मी काय लुळी आहे?’’ पण मोठ्या विमानतळावर एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत कधी अर्धा तास चालावे लागते. तिकीट काढतानाच मागणी नोंदवली की ती मोफत मिळते, आणि सोबतच्या माणसालाही रांगेत कमी ताटकळावे लागते. दुबईत खुर्चीत बसून सरकत्या रस्त्यावरून जाताना अम्मी दुतर्फा लखलखणारी दुकाने बघत होती. आम्ही काहीच बोललो नाही.

औषधांच्या वेळा आधी लिहून घ्याव्यात. केपटाऊनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. न्यूयॉर्कला जाणाऱ्यांसारखा रात्रीचा दिवस होत नाही, हे या प्रवासाचे मोठे सुख. अंतर जास्त असले तरी आपण जितके पश्चिमेकडे जातो, जवळपास तितकेच दक्षिणेकडेही जातो. त्यामुळे झोप बिघडली नाही. पण साखरेची गोळी जेवणाशी बांधलेली, आणि विमानातले जेवण कोणत्याच देशाच्या वेळेवर येत नाही. डॉक्टरांनी अंतर तासांत लिहून दिले होते, घड्याळाच्या वेळेत नाही. ते उपयोगी पडले. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात, मोठ्या बॅगेत मुळीच नाही.

विमानाच्या आतली हवा सुमारे दोन हजार मीटर उंचीच्या डोंगरावर असते तशी विरळ, म्हणजे महाबळेश्वरच्याही बरीच वर, आणि अगदी कोरडी. ओठ सुकतात, पाय सुजतात. दर दीड-दोन तासांनी उठून चार पावले चालावे, पाणी पीत राहावे. बसून राहिल्याने पायाच्या शिरेत रक्त गोठण्याचा धोका वयस्कर माणसांना जास्त. अम्मी पाणी प्यायला तयार नव्हती, कारण मग सारखे उठावे लागेल. ‘‘उठायलाच तर हवंय,’’ असे दहादा सांगावे लागले. नमाज तिने बसूनच, कसर पढली. दिशा दाखवायला समोरच्या पडद्यावर नकाशा होताच.

आमच्या वहीत त्या प्रवासाचा जमाखर्च असा आहे. सकाळी दहाला घर सोडले. महामार्गाची कृपा आणि अम्मीचे थांबे धरून संध्याकाळी सहाला मुंबई. आठ तास. रात्री साडेदहाचे विमान, सव्वातीन तासांनी दुबई. येताना हेच अंतर पावणेतीन तासांत झाले, कारण वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि परतताना पाठीशी असतात. दुबईत साडेआठ तास मुक्काम. मग पावणेदहा तासांचे सलग उड्डाण, जवळजवळ अख्खी आफ्रिका पायाखालून. मामेभावाच्या दारात पोहोचलो तेव्हा तिकडे संध्याकाळचे साडेसहा, आपल्याकडे रात्रीचे दहा. घरापासून घरापर्यंत छत्तीस तास. त्यांतले हवेत तेरा. आठ हजार किलोमीटर म्हटले की आपण विमान डोळ्यांपुढे आणतो, पण अर्ध्याहून अधिक वेळ माणूस जमिनीवरच कुठेतरी बसून असतो.

दारात उतरलो तरी ऊन होते. तिकडे नोव्हेंबर म्हणजे उन्हाळ्याची चाहूल, सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो. अम्मी म्हणाली, ‘‘आज दिवस संपतच नाही.’’

मुमानी दारात उभ्या होत्या. दोघींनी एकमेकींना त्रेपन्न वर्षांपूर्वी अम्मीच्या निकाहात पाहिले होते, त्यानंतर फक्त फोटोत. मामेभावाची मुले इंग्रजी आणि आफ्रिकान्स बोलतात, पण मुमानींची बोली ऐकून आम्ही चाट पडलो. आमच्या गावात आता ऐकू येत नाहीत असे कोकणी शब्द त्यांच्या तोंडी होते. अम्मीला काही आठवत होते, काही विसरलेले पुन्हा सापडत होते. पहिल्या रात्री दोन वाजेपर्यंत त्या बोलत होत्या. आम्हाला वाटले, मामूंबद्दल बोलत असतील. दुसऱ्या दिवशी कळले, विषय होता सांदण फुगवायचे कसे हा.

कब्रस्तानात अम्मी आत गेली नाही. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे कुंपणाबाहेर उभी राहून तिने दुआ मागितली. मामेभावाने हाताने दाखवले, ती तिसऱ्या रांगेतली. टेबल माउंटनवर त्या दिवशी ढग होते, वारा जोरात होता, आणि तिची तीच पांढरी ओढणी सारखी उडत होती. पुष्कळ वेळ ती उभी होती. मग म्हणाली, ‘‘जागा चांगली आहे. उतार आहे, पाणी साठणार नाही.’’ कोकणातल्या बाईला कब्रस्तान बघताना हेच आधी दिसते.

अठरा दिवसांनी परतलो. येताना अम्मीने खिडकीची जागा मागून घेतली आणि पडद्यावरचा नकाशा पाहून शेजारच्या बाईंना ‘‘आता केनिया’’ म्हणून सांगितले.

आता मुमानींनी मे महिन्यात आंब्याला यायचे ठरवले आहे. त्यांना भारताचा व्हिसा घरबसल्या ऑनलाइन मिळतो, तेवढे बरे. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखतात. अम्मीने आमच्याकडून वहीतले ते पान मागून घेतले, या वेळी चष्मा लावून वाचले, आणि मामेभावाला फोनवर स्वतः सांगितले की व्हीलचेअर लिहायला विसरू नको, आणि दुबईचा मुक्काम चार तासांपेक्षा जास्त घेऊ नको. वरच्या खोलीचे जिने मुमानींना झेपायचे नाहीत, म्हणून माजघराशेजारची खोली रिकामी करायला घेतली आहे. तिथे आमची पुस्तके होती. ती सध्या पडवीत आहेत.